सुरंगी नावाची लाट

"...आणि लाटा नसतील तेव्हा काय वाचावं, वस्ताद?"

वस्तादांनी मान वर केली नाही. ते अंगणात बसून तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत होते.

"कोण विचारतंय?"

"मी. विभास."

"नाव ठाऊक आहे. विचारतंय कोण?"

विभास दातार हसला. "एक दिवाळी अंक विचारतोय. समुद्र विशेषांक आहे. सर्फिंगवरची चांगली पुस्तकं कुठली, समुद्र सपाट असला की सर्फरनं काय वाचावं, असा लेख हवाय त्यांना. म्हटलं, वस्तादांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही."

"बसा."

विभासला तो 'बसा' टोचला. याच अंगणात तो फळीवर उभं राहायला शिकला होता. तेव्हा 'झिला', म्हणजे 'पोरा', याशिवाय दुसरी हाक नव्हती.

आत्माराम कुबल तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. परक्या बंदरांत गोऱ्या पोरांचं बघून ते लाटेवर स्वार व्हायला शिकले, आणि घरी येताना एक फळी घेऊन आले. गावानं आधी वेड्यात काढलं, मग पोरं मागे लागली. मुंबई-पुण्याहूनही शिकायला येऊ लागली.

गावाचं नाव लिहीत नाही. एकदा लिहून झालं आहे.

या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र कुणाला आत घेत नाही आणि थंडीत तो झोपतो. मधले दिवस लाटांचे. थंडी आली की वस्ताद फळ्या आढ्याला टांगत आणि ट्रंक उघडत. ट्रंकेत पुस्तकं होती. एका दीपगृहाच्या राखणदारानं लिहिलेल्या आठवणी. वाऱ्याची चाल ओळखायला शिकवणारं एक जुनं, वाळवी लागलेलं पुस्तक. लाटेनं पाठीचा कणा मोडलेल्या एका माणसाचं आत्मचरित्र. बंदराबंदरांतून गोळा केलेली. पोरांनी ती आळीपाळीनं वाचायची आणि ज्याला इंग्रजी येतं त्यानं बाकीच्यांना सांगायची.

प्रत्येक पुस्तकातले नकाशे ब्लेडनं कापलेले असत.

"का हो, वस्ताद?" विभासनंच विचारलं होतं, पहिल्या थंडीत.

"लाट कशी असते ते पुस्तकानं सांगावं. कुठे असते ते सांगायला माणूस लागतो. माणूस बघून सांगतो."

शाळेचा नियम तेवढाच होता. लाटेचं नाव घ्या, गाव घेऊ नका.

विभासनं पुस्तक लिहिलं. सुरंगीवर. खडपाच्या, समुद्रात शिरलेल्या कातळाच्या, टोकाशी फुटणारी ती लाट, संध्याकाळच्या उन्हात सुरंगीची फुलं ओवलेल्या वळेसरासारखी पिवळी-पांढरी उलगडत जाणारी. पुस्तक गाजलं. शेवटच्या प्रकरणात त्यानं वाट दिली होती. हमरस्ता कुठे सोडायचा, गाडी कुठे लावायची, खडपावर कुठून उतरायचं. वाचकाची सोय म्हणून.

"ट्रंक आहे ना अजून?" विभासनं विचारलं. "त्यातली दोन-चार नावं द्या. बाकीची मी बघतो."

"पहिलं तुमचं घाला."

विभास सुखावला. "माझं मीच कसं घालणार, वस्ताद? बरं दिसत नाही."

"लाटा नसताना सगळे तेच वाचतात. चला, दाखवतो."

वस्तादांनी हात धुतले आणि माडांमधून वाट काढत ते पुढे निघाले. विभास मागोमाग. तो मोटारीनं थेट अंगणात उतरला होता. समुद्राकडे त्याची पाठ होती.

वाळूवर आल्यावर तो थांबला.

ऑक्टोबर होता. वारा जमिनीवरून सुटलेला, जसा हवा तसा. या दिवसांत सुरंगीचा आवाज देवळापर्यंत यायचा. आणि पाणी ताटात वाढल्यासारखं निपचित पडलं होतं.

खडपाच्या टोकापासून समुद्रात दगडांचा बांध गेला होता. दगड गावाच्याच डोंगराचे. डोंगर गावाला विचारून फोडला नव्हता, हेही इथंच लिहून ठेवलेलं बरं.

बांधाच्या आडोशाला पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. मागे तीन मजली इमारत. इमारतीवर मोठी पाटी.

"सुरंगी कुठे आहे?" विभासचा आवाज उतरला होता.

"पाटी वाचा की. लिहिलंय. सुरंगी बीच रिसॉर्ट."

"लाट, वस्ताद... लाट कुठे आहे?"

"पाहुण्यांची मुलं घाबरायची तिला. पाणी निवांत हवं म्हणाले."

एका खुर्चीत टोपीवाला एक गृहस्थ पडला होता. पोटावर पुस्तक उघडं. मुखपृष्ठावर पिवळी-पांढरी लाट.

वस्ताद त्याच्याजवळ गेले. "कसं आहे हो पुस्तक?"

"क्लास!" गृहस्थ म्हणाला. "प्रत्येक खोलीत ठेवलंय. वाचताना अंगावर पाणी उडाल्यासारखं वाटतं. खरंच इथे अशी लाट होती का हो?"

"लेखकाला विचारा," वस्ताद म्हणाले. "हे काय, उभे आहेत."

गृहस्थ धडपडत उठला. पुस्तकावर सही मागू लागला. पेन त्याच्याजवळ नव्हतं. विभासच्या खिशाला होतं.

विभासनं सही केली.

दोघं परत फिरले. माडांच्या सावलीत आल्यावर विभास फुटला.

"हे मला कुणी कळवलं का नाही?"

"फोन केला होता. बांधाची जनसुनावणी होती तेव्हा."

विभासला आठवलं. "त्या दिवशी माझा सत्कार होता, वस्ताद. पुण्यात. हॉल भरला होता, सोडून कसा येणार होतो?"

"सत्कार इथेही झाला तुमचा. रिसॉर्टच्या कंपनीचा वकील उभा राहिला. म्हणाला, या किनाऱ्याची किंमत तुम्हाला कळत नाही, आम्हाला कळते, ऐका. आणि तुमचं पान वाचलं. उन्हात लाट उलगडते ते."

"...मग?"

"गावानं टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?"

"इतकं छान आपल्याबद्दल कधी कुणी लिहिलं नव्हतं. बायका डोळे पुसत होत्या. मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर सुनावणी घेणाऱ्या साहेबानं विचारलं, मग हरकत कुणाची आहे? टाळ्या वाजवलेल्या हातांनी हरकत कशी घ्यायची? दोघं-तिघं उठले, अडखळले, बसले. साहेब गाडीत बसून गेला."

"पण त्यात माझा काय दोष?" विभासचा आवाज चढला. "दगड मी टाकले नाहीत. त्या मालकाला मी ओळखतसुद्धा नाही."

"तो तुम्हाला ओळखतो."

"मी प्रेमानं लिहिलं हो! एका ओळीत खोट दाखवा. कुठे काही वाईट लिहिलंय का मी?"

वस्ताद वळले. इतका वेळ सांभाळलेली पाहुण्यांची भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"नाय रे झिला. चांगला आसा पुस्तक. थयच तर घात झालो. वायट लिवलं असतंस, तर लाट वाचली असती."

विभास पुढे चालू लागला. वर झावळ्या वाजत होत्या. वारा अजून जमिनीवरूनच होता, वाया जाणारा.

अंगणात आल्यावर त्यानं खाली मान घातली, आणि मग हळूहळू वर केली.

फणसाला टेकून वस्तादांची फळी उभी होती. मघाशी त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं.

फळी ओली होती. पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण ताजं चोळलेलं.

"तुम्ही आज लाटेवर होता." विभास म्हणाला.

वस्ताद पायरीपाशी जाऊन थांबले.

"दुसरी आहे. दुसरी लाट आहे ना, वस्ताद?"

"आसा."

विभास फळीजवळ गेला. वाकून पाहू लागला. त्याची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण. पुस्तक चांगलं झालं ते त्या नजरेमुळेच. फळीच्या कडेला वाळूचे कण चिकटले होते.

"काळी वाळू..." तो पुटपुटला. "आपल्याकडे पांढरी. काळी म्हणजे खाडी ओलांडून... आणि हे शेवाळ... म्हणजे खडप हवं, आणि गोडं पाणी समुद्राला येऊन मिळत असेल अशा..."

वस्तादांनी पायरीवरची कळशी उचलली आणि पूर्ण फळीवर उपडी केली.

काळे कण वाहत गेले. अंगणातल्या तांबड्या मातीत मिसळले. मग वस्तादांनी तळव्यानं फळी पुसली, वरपासून खालपर्यंत. पाण्यात भिजलेल्या पोराचं अंग पुसावं तशी.

विभास बघत राहिला. त्याच्या पँटवर चिखल उडाला होता.

"मला चोर समजता तुम्ही."

वस्ताद फळी पुसत राहिले.

"सहा वर्षं शिकलो मी तुमच्याकडे. कान फुटला माझा त्या खडपावर, तरी दुसऱ्या दिवशी आलो. आठवतं? आज बाकीचे कुठे आहेत? एक तिथे वेटर आहे, मघाशी बघितला मी खुर्च्यांपाशी. मी तरी नाव काढलं. जगाला सांगितलं, इथे एक वस्ताद आहे म्हणून."

"खरा आसा."

"मग मला न्या ना. एकदाच न्या. सुरंगी गेली, माझीही गेली. तुमची एकट्याची होती का ती?"

"नाय."

"मग?"

वस्तादांनी फळी उचलून पडवीत नेली. तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवली. बाहेर येऊन पुन्हा तिसऱ्यांसमोर बसले. एक शिंपली फोडली. दुसरी फोडली.

विभास त्यांच्यासमोर मातीत बसला. चांगल्या कपड्यांनिशी. डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते.

"वस्ताद, पायावर हात ठेवून सांगतो. गावाचं नाव नाही. वाट नाही. लाटेचं नावसुद्धा नाही. लेख नाही, पुस्तक नाही, फोटो नाही. त्या लाटेवर आयुष्यात एक अक्षर लिहिणार नाही मी. कधीच नाही."

त्यानं खरोखरच वस्तादांच्या पायावर हात ठेवला.

वस्तादांनी तो बाजूला केला नाही. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बराच वेळ.

"मगे तुका लाट व्हयी कशाक?"