खालच्या काठाचे पाणी

पूर्वी चित्रा नदीच्या काठी, अंजनवती नगरीत वीतभय नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुनीथ. आईवडील लवकर गेले, लग्न त्याने केले नाही. वडिलांच्या मागे राजाने त्यालाच अमात्य केले.

अंजनवती ही रंगाऱ्यांची नगरी होती. तिथले मंजिष्ठेत रंगवलेले लाल कापड दूरदूरच्या देशांत जाई. पण रंगाऱ्यांच्या आळीत सुख नव्हते. वीतभयाच्या आधीच्या प्रत्येक राजाने रंगाऱ्यांसाठी काही ना काही नियम केला होता, आणि मागचा नियम कुणीच काढला नव्हता. मंजिष्ठ घ्यायची तर एका अधिकाऱ्याची मुद्रा लागे, नीळ घ्यायची तर दुसऱ्याची. कढई केवढी असावी, चुलीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, ओले कापड कुठे वाळवावे, या सगळ्याला नियम होते. ते सगळे पाळून कापड रंगवणे कुणालाच शक्य नव्हते. त्यामुळे प्रत्येक रंगारी कशात ना कशात गुन्हेगार ठरे, आणि अधिकारी दारात आला की हात जोडून एखादा शेला पुढे ठेवी. शेला घेऊन अधिकारी निघून जाई.

रंगाचे सांडपाणी नदीत सोडू नये, असाही एक नियम होता. पण तो बाकीच्यांच्या गर्दीत कुठेतरी दबून गेला होता. पाणी सरळ नदीत जाई. नदीच्या खालच्या अंगाला वेत विणणाऱ्यांचे गाव होते. तिथल्या पोरांच्या अंगावर फोड येत, आणि गाभण गाई गाभडत.

एके दिवशी मंडन नावाचा रंगाऱ्यांचा मुखिया राजासमोर उभा राहिला. तो म्हणाला, "महाराज, आमचा दिवस कढईपाशी जायला हवा, तो अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहण्यात जातो. आम्हाला सुखाने रंगवू द्या, नाहीतर नगर सोडून जाऊ द्या. पण त्यालाही कुणाची तरी मुद्रा लागते म्हणतात."

राजाने ते काम सुनीथाकडे सोपवले. सुनीथ सगळा हिवाळा मंडनाच्या अंगणात बसला. एकेका अधिकाऱ्याला बोलावून तो शांतपणे विचारी, "हा नियम कुणाला कशापासून वाचवतो?"

चुलींची दिशा तपासणारा म्हणाला, "ते मला ठाऊक नाही, अमात्य. माझे वडीलही हेच तपासत."

कुणी नियमाचे कारण सांगू शकला, तर सुनीथ ते खरे आहे का हे स्वतः जाऊन बघे. तो वेत विणणाऱ्यांच्या गावीही गेला. आजारी पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांजवळ बसला आणि परत आला.

शेवटी त्याने तीन नियम ठेवले आणि बाकीचे सगळे काढून टाकले. कापडाचे माप खोटे नसावे. कच्चा रंग पक्का म्हणून विकू नये. सांडपाणी गाळाच्या खड्ड्यांत निवळल्याशिवाय नदीत सोडू नये.

त्या दिवशी आळीत ढोल वाजले. अधिकाऱ्यांच्या घरी मात्र कुणी जेवले नाही. ज्यांच्याबरोबर सुनीथ लहानाचा मोठा झाला होता, त्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले.

राजाने विचारले, "मुद्रा गेल्या, तपासणीच्या फेऱ्या गेल्या. मग उरलेले नियम पाळले जातात की नाही, हे बघणार कोण?"

सुनीथ म्हणाला, "माप आणि रंग गिऱ्हाईक बघेल, फसला तर इथे येऊन भांडेल. पाण्यासाठी भांडायला कुणी येत नाही, महाराज. खालच्या गावाचा आवाज इथवर पोचत नाही. म्हणून मी आळीच्या खाली, नदीकाठी राहीन, आणि नदीचेच पाणी पिईन."

राजाला ते पटले नाही, पण त्याने अडवले नाही. सुनीथाने आळी संपते तिथे झोपडी बांधली. सकाळी राजसभेत जायचे, दुपारी परत यायचे, आणि नदीवर घागर भरायची, असा त्याचा दिवस जाई. रस्ता तिकडे जात नव्हता, त्यामुळे माणसेही जात नव्हती.

एकटा मंडन येई. येताना ताक आणि भाकरी आणी, आळीतल्या गोष्टी सांगे, सुनीथाच्या घागरीतले पाणी पिऊन तोंड वाकडे करी आणि हसे. मंडनाला बोलायला आवडे, सुनीथाला ऐकायला. पायवाटेवर त्याचा खोकला ऐकू आला की सुनीथ हातातले काम ठेवून दारात येऊन उभा राही. इतका जवळचा माणूस त्याला आयुष्यात दुसरा मिळाला नव्हता.

पुढे राजकन्येचे लग्न ठरले, आणि वरपक्षाने तिथी अलीकडे आणली. लग्नाचे सगळे कापड लाल रंगवायचे काम मंडनाने अंगावर घेतले. त्याच्या कढया थंड होईनात. गाळाचे खड्डे काठोकाठ भरले. ते उपसायचे तर काम थांबवावे लागणार होते. मंडनाने एका दुपारी खड्ड्याचा बांध फोडला.

सुनीथाने घागर बुडवली तर पाणी लाल आले. काठाकाठाने तो वर चालत गेला. चालताना, हे दुसऱ्या कुणाचे काम असावे, असे त्याला वाटत राहिले. लाली मंडनाच्या अंगणापाशी संपली.

मंडन कढईपाशी उभा होता. तो म्हणाला, "अमात्य, एवढ्या वेळी बघून न बघितल्यासारखे करा. घरचे लग्न आहे म्हणा."

"खड्डे उपसून होईपर्यंत तुझ्या कढया बंद राहतील, मंडना."

"राजाचे कापड आहे हे!"

"पाणी खालच्या गावाचे आहे."

मंडनाने हातातले ओले कापड खाली टाकले. मग म्हणाला, "जुने अधिकारी बरे होते. ते शेला घेऊन जात. तुम्ही तर माझे तोंडच काळे केलेत." तो घरात गेला आणि त्याने दार लावून घेतले. सुनीथाने स्वतःच्या हाताने बांध घातला आणि चुलींतली लाकडे ओढून विझवली.

राजानेही सुनीथाला बोलावले. "या एका लग्नापुरती सूट दे," तो म्हणाला.

सुनीथ म्हणाला, "महाराज, नियम नको असेल तर सगळ्यांसाठीच काढा. एकाला सूट दिली की उद्या प्रत्येकजण सूट मागायला येईल. अधिकाऱ्यांच्या दारात पुन्हा रांग लागेल, आणि रांग लागली की कुणीतरी शेला घेऊन येईल."

राजा चिडला होता, पण विचारी होता. त्याने सूट दिली नाही. लाल कापड वेळेत झाले नाही, म्हणून दासींनी वाड्यातच हळदीत कापड रंगवले, आणि राजकन्या पिवळ्या वस्त्रात सासरी गेली.

त्यानंतर मंडन झोपडीकडे आला नाही. आळीतले लोक सुनीथाला लांबून नमस्कार करीत आणि वाट बदलीत. नदीत मात्र पुन्हा कुणी रंग सोडला नाही. आळी भरभराटीला आली. सुनीथ दुपारी घागर भरी, दारात बसे, आणि पायवाटेवर वाजणाऱ्या पानांकडे उगाच कान देई.

एकदा वेत विणणाऱ्यांच्या गावची सामा नावाची बाई हरवलेली शेळी शोधत तिथे आली. कडेवर गुटगुटीत पोर होते. तिने विचारले, "बाबा, इथे एकटे का राहता?"

"पाणी बघतो, बाई."

"पाण्यात काय बघायचे? पाण्यासारखे पाणी!" असे म्हणून ती हसली आणि शेळीच्या मागे निघून गेली. त्या दिवशी सुनीथाला समाधान वाटले. तरी संध्याकाळी, हे ज्याला सांगावे असा माणूस नाही, हेही त्याला जाणवले.

असेच तो म्हातारा झाला. अंथरुणाला खिळल्यावर त्याने खाट दारापाशी ओढून घेतली. एका संध्याकाळी त्याला मंडन दिसला. केस पांढरे, पाठ वाकलेली. झोपडीकडे न बघता मंडन थेट नदीत उतरला, त्याने ओंजळभर पाणी घेतले, तोंड वाकडे न करता प्यायला, आणखी एक ओंजळ प्यायला, आणि आल्या वाटेने परत गेला. सुनीथाने त्याला हाक मारली नाही. काही दिवसांनी सुनीथ शांत मनाने मृत्यू पावला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सुदंत नावाच्या भिक्षूला सांगितली. विहाराचे नियम बघण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि आपल्याजवळ कुणी बसत नाही म्हणून तो खिन्न झाला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा आज आपल्याला धान्य देणारा श्रेष्ठी आहे. सामा ही आजची भिक्षुणी क्षीरा. सुनीथ मी होतो. आणि सुदंता, मंडन तू होतास."

मग शास्ते सरकले आणि त्याच्याजवळ बसले.

बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली ती उपेक्षा पारमी, म्हणजे बुद्ध होण्यासाठी पूर्णत्वाला न्यावयाच्या गुणांपैकी एक. लोक आज दुर्लक्षाला उपेक्षा म्हणतात, आणि तीही त्याच्या वाट्याला आली. पण ही उपेक्षा म्हणजे आपला आणि परका यांच्याकडे सारख्याच मनाने बघणे, आणि तसे बघताना आपल्या माणसाबद्दलचे प्रेम आटू न देणे.