टिकलीचा झगा लाल झाला

एक होती टिकली. टिकली म्हणजे उंदराची पोर. एवढीश्शी! तुमच्या अंगठ्याएवढी. शेपूट मात्र ही... लांब!

शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटामागे, तिचं घर. आज घरात गडबडच गडबड. टिकलीच्या ताईची हळद! काड्यापेटीचा ढोल वाजत होता. डुम डुम डुम! सगळ्यांनी पिवळं घालायचं होतं. टिकलीनं घातला कागदाचा झगा. पिवळाधमक! प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कुसुममावशींनी उद्याच्या प्रयोगासाठी कागद हळदीत बुडवले होते ना? त्यातला एक तुकडा गेला कुठे? गेला टिकलीच्या अंगावर!

मावशींनी टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या. एक लिंबाची, आंबटढ्याण. एक साबणाची, बुळबुळीत. साबणाच्या बाटलीला टेकून ड्रॉपर उभा होता. त्याच्या नाकात साबणाचं पाणी.

टिकली निघाली मिरवत. तुरुतुरु, तुरुतुरु. ड्रॉपरला आली शिंक.

आ... आ... टप्प!

थेंब पडला झग्यावर. पिवळा झगा झाला लालभडक!

"अगं बाई! हळदीला लाल झगा? मला कुणी आत घेणार नाही!"

पण टिकली प्रयोगशाळेतली पोर. तिला ठाऊक होतं, याला हवा लिंबाचा थेंब.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली लिंबाच्या बाटलीकडे.

"लिंबूताई, लिंबूताई, थेंब दे!
झगा पिवळा होईना,
ढोल वाजतो डुम डुम डुम!"

लिंबूताई म्हणाली, "मी कशी देऊ? आधी ड्रॉपर आत येऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली ड्रॉपरकडे.

"ड्रॉपरदादा, ड्रॉपरदादा, लिंबात जा!
लिंबूताई थेंब देईना,
झगा पिवळा होईना,
ढोल वाजतो डुम डुम डुम!"

ड्रॉपर म्हणाला, "असल्या नाकानं? लिंबात साबण गेला तर सगळा प्रयोग बिघडेल. विज्ञानाच्या देवरुखकर बाई माझंच नाक ओढतील! आधी पिचकी मला धुऊ दे."

पिचकी म्हणजे वाकड्या नाकाची बाटली. पोट दाबलं की पाणी उडवते.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली पिचकीकडे.

"पिचकीबाई, पिचकीबाई, ड्रॉपर धू!
ड्रॉपर लिंबात जाईना,
लिंबूताई थेंब देईना,
झगा पिवळा होईना,
ढोल वाजतो डुम डुम डुम!"

पिचकी म्हणाली, "धुऊ कशानं? पोट रिकामं. फुस्स! आधी नळ मला भरू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली नळाकडे.

"नळोबा, नळोबा, पिचकी भरा!
पिचकी ड्रॉपर धुवेना,
ड्रॉपर लिंबात जाईना,
लिंबूताई थेंब देईना,
झगा पिवळा होईना,
ढोल वाजतो डुम डुम डुम!"

नळ म्हणाला, "माझा कान कोण पिळणार? तू? हॅ हॅ हॅ! आधी कुसुममावशी येऊ दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मावशींकडे.

"मावशी, मावशी, नळ सोडा!
नळ पिचकी भरेना,
पिचकी ड्रॉपर धुवेना,
ड्रॉपर लिंबात जाईना,
लिंबूताई थेंब देईना,
झगा पिवळा होईना,
ढोल वाजतो डुम डुम डुम!"

"आई गं! उंदीर!"

मावशी चढल्या स्टुलावर. टुणकन!

"मी नाही उतरणार! आधी तुझं ते तुरुतुरु थांबव!"

थांबायचं? आज? ताईच्या हळदीला? टिकलीचे पाय ऐकेनात. तिनं शेपूट घट्ट धरली. डोळे मिटले.

एक... दोन...

डुम डुम डुम! पाय वळवळले. अगं, नको! थांब!

तीन... चार... पाच!

"थांबलीस की गं, पोरी!"

मावशी उतरल्या, धप्प!
नळाचा कान पिळला, गर्रर्र!
नळानं पिचकी भरली, खळखळ!
पिचकीनं ड्रॉपर धुतला, फुर्रर फुर्रर!
ड्रॉपर लिंबात गेला, बुडुक!
लिंबूताईनं थेंब दिला, टप्प!

लाल झगा... झाला नारिंगी... झाला पिवळाधमक!

"अस्सं! माझा कागद तू पळवलास होय?" मावशी म्हणाल्या.

"रागावू नका ना! हळदीला या!"

"कपाटामागे? माझं बोट मावेल फार तर."

"बोट तर बोट! या!"

मग काय! मावशींचं बोट गेलं हळदीला. नवरीच्या आधी त्यालाच हळद लागली. ढोल वाजला डुम डुम डुम! टिकली नाचली तुरुतुरु तुरुतुरु!

दुसऱ्या दिवशी मावशींनी साबणानं हात धुतले. बोट झालं लाल!

देवरुखकर बाई म्हणाल्या, "अहो कुसुमताई, बोटाला काय झालं?"

"काही नाही हो बाई. लिंबू द्या जरा. काल हळदीला गेलं होतं ते!"

टिकलीचा झगा पिवळा पिवळा,
आपल्या गोष्टीला हळदीचा टिळा!