सटवा न्हावी आणि शेवरगावचं सुतक

फार वर्षं झाली त्याला. शेवरगावात गाठीचा ताप आला होता, आणि गावचा पाटील म्हणत होता की ताप नाहीच. या दोन्हींच्या मधे सापडून जी माणसं मेली त्यांची ही हकिकत आहे, आणि सटवा न्हाव्याची.

सटवा अंगानं काटकुळा, बोलायला मुखदुर्बळ. काखेत हत्यारांची धोकटी मारून सकाळी निघायचा, दारोदार बसायचा, खाली मान घालून काम करायचा. गावातलं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून गेलेलं. डोळे बांधले तरी नुसता हात फिरवून तो माणूस ओळखायचा, असं म्हणतात. त्याची बायको सगुणा सुईण होती. गावात येणारा जीव सगुणेच्या हातात यायचा, आणि गेलेल्या माणसामागं जो राहिला त्याचं डोकं सटवाच्या हातात. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

माघात उंदीर पडायला लागले. आधी वाण्याच्या कोठारात, मग तेल्याच्या आळीत, मग थेट देवळाच्या गाभाऱ्यात. उंदीर पडले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या आणि रिकाम्या घरांना ऊन दाखवायचं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीनचार घरांनी वळकट्या बांधल्यासुद्धा. पण सुभानराव पाटील वेशीत आडवा उभा राहिला.

कारण काय, तर शेवरगावचा बैलबाजार तोंडावर आला होता. मामलेदार स्वतः येणार होता. सगळ्या तालुक्यात रोग पसरलेला असताना शेवरगाव निरोगी राहिलं, म्हणून पाटलाला भर बाजारात मानाचं पागोटं मिळणार होतं. त्या पागोट्यामागून लोकल बोर्डातली जागा यायची होती. माळावर झोपड्या उभ्या राहिल्या तर सडकेवरून दिसतात. म्हणून झोपड्या घालायच्या नाहीत. मेलेल्या माणसामागं हंबरडा फोडायचा नाही. तिरडी वेशीतून न्यायची नाही, मागच्या ओढ्यातून न्यायची. मेलेला माणूस मागच्या वाटेनं आणि पाटलाचं पागोटं पुढच्या वाटेनं, असा कारभार सुरू झाला.

मग सटवाला चावडीवर बोलावणं आलं. मुंडण केलेली डोकी मोजली की मेलेली माणसं मोजता येतात, एवढं पाटलाला कळत होतं. त्यानं सांगितलं की बाजार होईपर्यंत कुणाचंही डोकं भादरायचं नाही. बाप मरो, आई मरो, एकाही डोक्यावर वस्तरा फिरलेला दिसला तर बलुतं बंद आणि घरावर नांगर.

सटवानं मान हलवली. ही गोष्ट सांगताना हे लपवायचं नाही. त्यानं मान हलवली, आणि वीस दिवस तो पाटलाच्या शब्दात राहिला.

त्या वीस दिवसांत लोक त्याच्या दारात येऊन उभे राहायचे. भिवा कुंभाराचे दोन भाऊ एका दिवसात गेले होते. तो उंबऱ्यावर बसून म्हणायचा, सटवा, डोकं उतरव रे, हे केस मला जड झालेत. सटवा आत मडक्यांच्या उतरंडीमागं बसून राहायचा, आणि सगुणेला सांगावं लागायचं की ते घरी नाहीत. दहाव्याला पिंड ठेवले तरी कावळा शिवेना. असं म्हणतात की त्या पंधरवड्यात शेवरगावचे सगळे कावळे उडून माळावर गेले आणि तिथंच बसून राहिले. जे माणसांना करू दिलं नाही ते कावळ्यांनी केलं.

सगुणा मात्र घरी बसली नाही. तेल्याच्या आळीत एक बाई अडली होती. त्या घराच्या आढ्यातून उंदीर खाली पडत होते. सगुणा गेली, दीड दिवस तिथंच राहिली. बाई गेली, मूलही गेलं, आणि चौथ्या दिवशी सगुणेच्या जांघेत गाठ आली.

सटवा तिच्या उशाशी बसला. आपण पहिल्याच दिवशी माळावर निघून गेलो असतो तर, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिला ते ऐकायचं नव्हतं. तापानं तिची जीभ जड झाली होती, तरी ती स्पष्ट बोलली.

"गावात किती गेले ते तिघांना ठाव हाय. पाटलाला, तुम्हाला, मला. आता मी चालले. तुम्ही जायच्या आत बोला."

शनिवारी सकाळी ती गेली. चौघांनी तिला ओढ्यातून नेलं, तोंडातून शब्द न काढता. ज्या बाईनं निम्म्या गावाला पहिला श्वास घ्यायला लावला, तिच्यासाठी गावाला मोठ्यानं रडता आलं नाही. मूलबाळ नसल्यामुळं अग्नी सटवानंच दिला. मग तो घरी आला, आणि आपल्या डोक्यावरून हात फिरवला. केस होते. तोपर्यंत त्याला भीती वाटत आली होती. त्या क्षणी ती गेली. जिथं भीती होती तिथं राग येऊन बसला, आणि तो असा की सटवाला दोन दिवस तहान नाही, भूक नाही. त्यानं वस्तरा काढला आणि सहाणेवर लावत बसला.

सोमवारी बाजार भरला. पाटलानं सडा घातला होता, भिंतींना चुना मारला होता, वेशीला तोरण बांधलं होतं. सटवा बाजाराच्या तोंडाशी पारावर येऊन बसला, उघड्यावर. समोर धोकटी सोडली आणि एक पितळी वाटी भरून पाणी ठेवलं. लोक बघून बघून पुढं जात होते. कुणी थांबेना. तेव्हा त्यानं वाटीत बोटं बुडवली, डोकं भिजवलं आणि स्वतःच्याच डोक्यावर वस्तरा धरला. न्हावी आपलं डोकं आपण भादरत नाही. दोन ठिकाणी कापलं, रक्त कानामागून मानेवर उतरलं. सगळा बाजार बघत होता.

भिवा कुंभार पुढं आला आणि मांडी घालून बसला. त्याच्यामागं एक तेली बसला. त्याच्यामागं दोन कोष्टी भाऊ. मग पाटलाचे दोन गडी काठ्या घेऊन आले, न्हाव्याला उचलायला. त्यातल्या म्हसू नावाच्या गड्याचा धाकटा भाऊ आठ दिवसांपूर्वी गेला होता. म्हसूनं सटवाकडं पाहिलं, मग भादरलेल्या डोक्यांकडं पाहिलं. काठी पाराला टेकवली आणि तो ओळीत बसला. दुसरा गडी आल्या वाटेनं परत गेला.

दुपारपर्यंत सटवानं तीनशे डोकी भादरली, असं म्हणतात. वस्तरा एक, वाटी एक, आणि वाटीतलं पाणी बोटभरसुद्धा उतरलं नाही. केसांचा ढीग गुडघ्याला लागला. तो वाऱ्यानं उडाला नाही. दगडासारखा जागच्या जागी राहिला. भादरलेली माणसं सडकेच्या दोन्ही अंगांना बसत गेली.

मामलेदार घोड्यावरून आला तो त्या दोन ओळींमधून. घोडा मधेच थांबला, टाच मारली तरी पुढं जाईना. पाटील नवं धोतर, नवा अंगरखा घालून सामोरा आला. मामलेदारानं विचारलं, ही काय भानगड आहे. पाटील हसला आणि म्हणाला की गावानं देवाला केस बोलले होते, साहेबांच्या कृपेनं रोग आला नाही म्हणून नवस फेडतायत.

सटवा पारावरून उठला. वीस दिवस मुका राहिलेला माणूस.

"नवस नाही, साहेब. सुतक आहे."

आणि त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. कागद नाही, वही नाही. एकेका डोक्याकडं बोट करायचं आणि त्याच्या घरातून कोण गेलं ते सांगायचं. मामलेदाराचा चेहरा उतरला. पण तो चकित झाला होता म्हणून नव्हे. असं म्हणतात की त्यालाही सगळं ठाऊक होतं. गाव निरोगी असल्याच्या कागदावर त्यानं बसल्या जागी सही केली होती, कारण त्यालाही वर तोंड दाखवायचं होतं.

शेवटी सटवा पाटलासमोर येऊन उभा राहिला.

"पागोटं काढा, पाटील. तुमचं राहिलंय."

पाटील ओरडला, शिव्या दिल्या, याला वेड लागलंय म्हणाला. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि पाटलाची आई, बायजाबाई, बाजारात आली. घराण्याची रीत सोडून ती प्रथमच अशी भर बाजारात आली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर चुडा. तिनं लेकाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती लोकांशी बोलली.

"थोरले पाटील, ह्याचा बाप, गेल्याला आज सोळा दिवस झाले. सोळा दिवस मी मेलेल्या माणसाचं कुंकू लावते. ह्यानं लावायला लावलं."

असं म्हणून तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि पाराच्या दगडावर हात आपटून चुडा फोडला. काचा उडाल्या, पण कुणी डोळा मिटला नाही. मग ती लेकाला म्हणाली, "बस खाली."

सुभानराव पाटील बसला. पागोटं तिनंच उतरवलं. सटवानं वाटीत बोटं बुडवली. ज्यानं सगुणेला माळावर जाऊ दिलं नाही त्याची मान आता वस्तऱ्याखाली होती, आणि सगळा बाजार श्वास धरून बघत होता. पण पाटलाच्या डोक्यावर एक ओरखडा उठला नाही. काम झाल्यावर सटवा एवढंच म्हणाला, "आता रडा." पाटील रडला की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. पण गाव रडलं. वीस दिवसांचं रडणं एका वेळी बाहेर पडलं. तीन कोसांवरच्या माणसांनी ते ऐकलं, आणि माळावरचे कावळे उठून गावावर आले, असं म्हणतात.

मामलेदाराला आता दुसरं काही करता येईना. बाजार उठला. दोन दिवसांत गाव माळावर गेलं, आणि मरणं हळूहळू थांबली. सटवाच्या काखेत गाठ सोमवारीच आली होती. गुरुवारी माळावरच त्यानं डोळे मिटले. त्याच्यामागं कुणी नव्हतं, म्हणून सगळ्या गावानं त्याचं सुतक धरायचं ठरवलं; पण त्याच्यासाठी उतरवायला गावात एका डोक्यावर केस उरला नव्हता. काही लोक म्हणतात तो मेलाच नाही. त्यानंतर भोवतालच्या ज्या ज्या गावात पाटलानं मरणं लपवली, तिथं बाजाराच्या दिवशी एक काटकुळा न्हावी येऊन बसायचा.

आणि सुभानराव पाटील पुढल्या सालात लोकल बोर्डावर गेलाच. मानाचं पागोटंही त्याला मिळालं, दुसऱ्या कसल्या तरी निमित्तानं. ऐकणाऱ्याचा राग थंड होऊ नये म्हणून हा भाग गाळायचा नाही, असं आमच्याकडची म्हातारी माणसं बजावतात.

माघातल्या त्या सोमवारी शेवरगावचा बाजार आजही लगेच सुरू होत नाही. आधी गावचा कारभारी, मग तो पाटील असो की सरपंच, पाराखाली बोडक्या डोक्यानं बसतो. गावातला न्हावी त्याच्यासमोर उभा राहून एकदाच विचारतो, गावातून कोण कोण गेलं. कारभाऱ्यानं नावं सांगायची, तोंडपाठ. पहिलं नाव सगुणेचं, दुसरं सटवाचं, मग वर्षभरात गेलेल्यांची. एक नाव जरी गाळलं तरी तराजूचा काटा हलत नाही, बैलाचं दावं सुटत नाही.

करोना ओसरल्यावर पहिला बाजार भरला, तेव्हा सरपंचानं अकरा नावं घेतली आणि तो उठायला लागला. मागून एक म्हातारी म्हणाली, "माझा दत्तू धरला का?" सरपंच म्हणाला, मावशी, तो जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला, तो आपल्या आकड्यात येत नाही. पण कुणी उठलं नाही. बैल उन्हात उभे होते, व्यापारी घड्याळं बघत होते. सरपंच पुन्हा खाली बसला आणि त्यानं दत्तूचं नाव घेतलं. तेव्हा दुसऱ्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "आमची सून?" आणि आणखी एक जण उभा राहिला.

त्या दिवशी बाजार उघडायला दुपारचे तीन वाजले.