तळकुसुंबची पंचमीची रजा

शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सर, भाद्रपद मास; वर्षाऋतू अद्याप सरला नव्हता. तळकुसुंबची ही विहीर त्या वर्षापासून लोकांच्या बोलण्यात आली, असे सांगतात. आपण पाहुणे आहात, म्हणून आधीच सांगून ठेवते: ही कथा आमचे गाव अभिमानाने सांगत नाही.

त्या काळी या विहिरीवर मोट चाले. बैलांची जोडी दोर ओढी आणि देशमुखांच्या घराला पाणी मिळे. घरच्या धनीण तुळजाबाई व्रतवैकल्यांत अतिशय काटेकोर. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, हा नियम सर्वत्र आहेच. तुळजाबाईंना त्या दिवशी बैलांनी ओढलेले पाणीसुद्धा चालेना. बैलांना विश्रांती मिळाली. पाणी मात्र हवेच होते, आणि ते हाताने शेंदण्याचे काम येसूवर येऊन पडले.

येसू ही त्या घरी पाणी भरणारी बाई. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंचमीच्याच सकाळी, तिने माहेरी जावे आणि गौरी बोळवून परतावे, हे ती कामाला लागली तेव्हाच ठरलेले होते. त्या वर्षी तिची आई नदीपलीकडे अंथरुणाला खिळली होती आणि लेकीच्या वाटेकडे डोळे लावून होती.

येसू पायरीशी उभी राहिली. "आईसाहेब, निघू का? नदी चढाया लागलीय."

"मग व्रताचं पाणी कोण भरील? स्नानापुरतं भर आणि जा."

स्नानाचे झाले, मग स्वयंपाकाचे निघाले. "एवढा रांजण भर, मग जा की! नदी कुठे पळून जात नाही."

बैलांपुढे वैरण टाकणारा गडी कोंडाजी गोठ्यातून ओरडला, "येसूबाय, पुढल्या जन्मी देवाकडं शिंगं मागून घे! मग तुलाबी पंचमीची सुट्टी!"

सगळे हसले. तुळजाबाईही हसल्या.

येसू नदीवर पोहोचली तेव्हा नावाड्याने नाव ओढून झाडाला बांधली होती. पूर ओसरल्यावर ती पलीकडे गेली, तोवर आईचे सारे आटोपले होते.

इकडे पंचमीच्या दुपारी तुळजाबाई ऋषीची भाजी वाढून घेऊन पानावर बसल्या, तेव्हा पाण्याचा पहिलाच घोट त्यांना खारट लागला म्हणे. इतरांना तेच पाणी गोड लागे. दुसरे आणवले, तेही खारट. येसूची आई गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांना कारण उमगले. परंतु लाजेने त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. येसू परतली आणि पूर्वीसारखीच मुकाट्याने पाणी भरू लागली. तेच खारट पाणी तुळजाबाई वर्षभर पीत राहिल्या, आणि तिच्या डोळ्यांकडे पाहणे त्यांना एकदाही जमले नाही.

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या संध्याकाळी त्या एकट्याच येसूच्या खोपटापाशी गेल्या.

"येसू, माझं चुकलं. उद्या पाणी मी शेंदते. तू जा."

येसू बसल्या जागेवरून उठली नाही. "पाण्याचं काय न्हाई, आईसाहेब. जे माझं ठरल्यालं व्हतं, तेच मी भीक मागितल्यावाणी मागत व्हते. अन् तुमी हसलात."

तुळजाबाईंनी मान खाली घातली. "मग मी काय करू?"

"कोंडाजीच्या दारी जावा. बैल सुटलं, पर त्यांची वैरण त्योच टाकतोय. त्यालाबी घर हाय."

त्या संध्याकाळी तुळजाबाई आपल्या प्रत्येक गड्याच्या, प्रत्येक मोलकरणीच्या दारात उभ्या राहिल्या, असे सांगतात.

आजही चतुर्थीची संध्याकाळ झाली की तळकुसुंबात रजा मागायला कोणी कोणाची पायरी चढत नाही. भाताच्या गिरणीचे मालक असोत, दुकानदार असोत वा डॉक्टर, ते स्वतः कामकऱ्याच्या दारी जातात, आत बोलावले तरी उंबरा ओलांडत नाहीत, आणि "उद्यापासून तुमची रजा" एवढेच म्हणून परततात. पंचमीला त्यांच्या घरची माणसे या विहिरीचे पाणी स्वतःच्या हातांनी शेंदतात.

हा प्रघात कायमचा ठरला तो दिवस शके सतराशे पंधराची ऋषिपंचमी. तुळजाबाईंनी पहाटे पहिली घागर वर ओढली, तेव्हा येसू नदीपार झालीही होती. माहेरी तिला दार उघडणारे मात्र आता कोणी उरले नव्हते.