राजाच्या वहाणा

फार पूर्वी नदीकाठच्या एका राज्यात एक राजकन्या राहत होती. माणसं तिने फक्त राजवाड्याच्या सज्ज्यातून पाहिली होती. तिथून ती तिळाएवढी दिसत.

एका वर्षी पाऊस पडला नाही. लोकांची उपासमार झाली, तरी राजाने धान्याची कोठारं उघडली नाहीत. शेवटी लोकच उठले. त्यांनी कोठारं फोडली आणि राजवाड्याला वेढा घातला.

राजकन्येच्या दाईने राजाराणीला आणि तिला जाडेभरडे कपडे दिले. "गुळाच्या ढेपा डोक्यावर घ्या नि चोरवाटेने नदी गाठा. पलीकडे राणीसाहेबांचं माहेर. एकदा नाव हलली की सुटलात! पण महाराज, वाटेत कुणाला हुकूम सोडू नका हो."

राजाने ते मनावर घेतलं. वाटेत लोकांनी बसवलेल्या चौकीवरच्या पहारेकऱ्याने दरडावलं, "काय रे गूळवाल्या, गोड आहे का ढेप, की नुसतीच माती?"

राजा हात जोडून म्हणाला, "चाखून बघा की, दादा."

राजकन्या बघतच राहिली. बाबांना हात जोडता येतात!

घाटावर गर्दी होती. नाव काठापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात उभी होती. जो तो वहाणा काढून हातात घेई आणि पाण्यात उतरे. राणीही वहाणा हातात घेऊन उतरली. राजानेही वहाणा काढल्या, पण त्या तिथेच सोडून, मागे वळूनही न पाहता तो पुढे निघाला.

"अहो गूळवाले," नावाडीण ओरडली, "वहाणा काय पोहत येणार आहेत?"

लोक खो खो हसले.

"आणतील," राजा सहज म्हणाला.

"कोण आणतील?"

राजा थबकला. मागे वहाणा उचलणारा एकही सेवक नव्हता.

हसू विरलं. पायरीवरचा एक म्हातारा त्याच्याकडे निरखून पाहत उभा राहिला. मग त्याच्या शेजारची बाई उठली. बघता बघता सारा घाट उभा राहिला. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. नुसता नदीचा आवाज येत होता.

राजकन्येने मान वर केली. तिळाएवढी दिसणारी माणसं इतकी उंच होती? प्रत्येकाला चेहरा होता, आणि प्रत्येक चेहरा उपाशी होता. तिला भीती वाटत होती, तरी नजर काढवत नव्हती. गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसं तिला झालं. नकळत तिचे हात जोडले गेले.

मग ती वहाणा उचलायला वाकली.

"राहू दे, बाळ," म्हातारा हळूच म्हणाला. "ज्याच्या त्याला उचलू दे."

राजा पाण्यातून परत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो वहाणांसाठी वाकला. राणीही मागे फिरली. नाव त्यांना न घेताच सुटली.

लोकांनी वाट करून दिली. त्या वाटेने राजा अनवाणी, वहाणा हातात धरून, कोठारांचा जाब द्यायला नगराकडे चालू लागला. राज्य तर गेलंच होतं.

तात्पर्य: वेष घटकेत बदलतो, सवय बदलत नाही. आपल्या वहाणा आपण उचलायला वेळेवर शिकावं, म्हणजे पळून जायची वेळ येत नाही.