तार नसलेली एकतारी

"पण कमी काय हाय, तेवढं तरी सांगा बाबा!"

कोंडिरामनं हातातली एकतारी जमिनीवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

भानुनाथबाबांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

"अजून न्हाई."

"अहो, बाजारात माणसं थांबून ऐकत्यात माझं!"

"अजून न्हाई," बाबा म्हणाले आणि ओढ्याकडे बघत बसले.

बाबांचा मठ गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. मठ म्हणजे तीन भिंती आणि चौथीची आशा. तिथं एक जुनी रीत होती. शिष्यानं आपली एकतारी आपणच घडवायची, आणि तीही विकतच्या सामानातून नाही. लोक जे टाकून देतात त्यातूनच. गुरूनं ती ऐकायची. गुरूची मान होकाराला हलली की शिष्य नाथ झाला. त्यानं त्याच पावली निघायचं आणि पहिली भिक्षा आपल्या आईच्या दारी 'अलख' म्हणून मागायची. तोवर त्या दाराची वाट बंद.

कोंडिरामच्या हातात कसब होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. रंगाचा रिकामा डबा द्या, फुटकी घागर द्या, तो तिला बोलतं करायचा. पण कसबाबरोबर माणसाला मिजासही फुकट मिळते. गाव सोडताना तो चारचौघांत आईला सांगून आला होता, "येईन तर एकतारी घेऊनच." ते शब्द आता त्याच्याच गळ्यात अडकले होते. वर्षं गेली, कोपऱ्यात नापास एकताऱ्यांचा ढीग वाढत गेला, आणि बाबांची मान काही हवी तशी हलेना.

मग मागच्या बाजाराला त्याच्या गावचा एक माणूस भेटला. म्हणाला, म्हातारीनं अंथरूण धरलंय. अन्न जात नाही. दाराकडं कान लावून पडून असते.

कोंडिराम मठात परतला आणि चूल पेटवायला बसला. लाकडं ओली होती. फुंकून फुंकून जीव मेटाकुटीला आला. बाबा मागं भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्याकडं पाठ ठेवूनच, फुंकणी हातात धरून त्यानं सगळं सांगितलं.

"आई जाती बहुतेक, बाबा... काय करू?"

मागून उत्तर आलं नाही.

तो वाट बघत राहिला. मग त्याच्या मनात आलं, खरंच आहे. कुणाची आई आणि कुणाचं काय. आपण अजून कच्चेच. बाबांच्या त्या गप्प बसण्यापुढं त्याला स्वतःची लाज वाटली. घरचा विचार त्यानं मनातून उपटून टाकला. म्हणजे, टाकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नव्या एकतारीला हात घातला. हिला होकार मिळाला की सरळ आईच्या दारात, असा त्याचा हिशेब. तीच ही. दुधाची चेपलेली किटली, तिच्या तोंडावर फाटक्या डफाचं कातडं, छत्रीचा दांडा, मोडक्या लाटण्याची खुंटी. तार टेकायची ती घोडी शिंगाच्या फणीची, आणि तार सायकलच्या ब्रेकच्या वायरमधून उसवलेली. आजवरची सगळ्यात गोड एकतारी.

आणि हिलाही नकार.

"बरं," कोंडिराम शेवटी म्हणाला. भांडून काही होणार नव्हतं.

त्यानं खुंटी सैल केली, तार सोडवून बाजूला ठेवली आणि घोडी बोटभर खाली सरकवली. मान खाली घालून तो स्वतःशीच पुटपुटू लागला. तार इथून येईल, इथं टेकेल, आणि बोट पडेल ते इथं...

जिथं तार येणार होती तिथं त्यानं हवेतच बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

बाबांची नजर आत्ता कुठं ओढ्यावरून वळली होती; ते त्या बोटाकडं लक्ष देऊन पाहत होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सूर उतरलाय," ते म्हणाले. "अजून न्हाई."

कोंडिरामचं बोट हवेतच राहिलं.

त्यानं बाजूला पडलेल्या तारेकडं पाहिलं. मग बाबांकडं.

तो उठला, दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"बाबा, मठ पेटलाय."

...

"बाबा, तुमच्या पायाशी साप हाय."

...

तो वळला. बाबा तसेच बसले होते. पायही आखडून घेतले नव्हते.

कोंडिराम त्यांच्या अगदी समोर येऊन बसला. एकेक शब्द सुटा करून त्यानं विचारलं.

"कधीपासून?"

बाबा त्याच्या ओठांकडं पाहत राहिले. आता लपवण्यात हशील नाही, हे त्यांना कळलं असावं.

"तू यायच्या आधी पुरानं ही भिंत नेली, त्या पावसाळ्यापासून. आधी एक कान... मग दुसरा."

"म्हंजे माझी एकबी एकतारी..."

"न्हाई ऐकली."

कोंडिराम कोपऱ्यातल्या ढिगाकडं पाहत बसला. आपली वर्षं अशी डबे-घागरींच्या रूपानं समोर पडलेली दिसली की माणूस रागवायचंही विसरतो. त्याला नुसतं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"मग व्हय म्हणायचं होतं एकदा!"

"न ऐकता व्हय कसं म्हणू? खोटं झालं असतं."

"आणि न्हाई म्हणणं खोटं न्हवतं?"



"ते सोपं होतं," बाबा म्हणाले.

"निदान सांगायचं तरी मला."

"बहिऱ्या गुरूपाशी कोण ऱ्हातंय, कोंडिबा?"

ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं. मठात दोघं बसले होते आणि तो आवाज एकालाच येत होता.

एकाएकी कोंडिरामचा चेहरा पांढरा पडला.

"मग त्या दिवशी... चुलीपाशी मी सांगितलं ते..."

"काय सांगितलंस?"

त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा त्याच्या ओठांवर नजर रोखून पुढं वाकले.

"आई," कोंडिराम म्हणाला. "आई जाती माझी."

"कवा कळलं?"

"बाजाराच्या दिवशी."

"आणि गेला न्हाईस?"

"तुम्ही गप्प ऱ्हायलात. मला वाटलं, ही माया सोड, असंच म्हणताय. म्हणून बसलो हितंच... किटलीला कातडं ताणत."

बाबांनी दोन्ही हात वर नेले आणि आपले कान धरले. गुरूनं शिष्यासमोर कान धरल्याचं त्या मठानं आधी कधी पाहिलं नसेल.

"डोळं पुसताना बघितलं होतं तुला," ते म्हणाले. "वाटलं, धूर असंल."

कोंडिराम उठला. त्यानं एकतारी उचलली आणि घाईघाईनं खुंटीत तार ओवायला लागला. तार काही ओवली जाईना.

बाबांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"ती द्या बाबा! मोकळ्या हातानं कसा जाऊ? गावाला सांगून आलोय मी. आणि तुम्ही अजून व्हय बी म्हणाला न्हाईत..."

"कुणाचं व्हय मागतोस? ह्या बहिऱ्याचं?"

बाबांनी एकतारी कोपऱ्यातल्या ढिगावर टाकली. मग कोंडिरामच्या पाठीला हात लावून त्याला दाराबाहेर ढकललं.

"पळ. आणि दारात अलख म्हणू नको. आई म्हण."