खेमा दाईचे ससे

पूर्वी, चंपक नगरीवर सुदत्त राजाचे राज्य होते तेव्हा, बोधिसत्त्व गुराढोरांच्या वैद्याच्या घरी जन्माला आले आणि पुढे राजवाड्याचे वैद्य झाले.

राजाला लहानपणी अंगावर पाजणारी खेमा दाई आता म्हातारी झाली होती. तिच्या पदरी सशांची सात पोरकी पिल्ले होती. ती त्यांना तुपातले बेसन, गूळ, लाडवांचा चुरा भरवी. पिल्लांची पोटे फुगू लागली आणि चार दगावली. खेमाने अन्न सोडले.

राजा वैद्याला म्हणाला, “उरलेली तीन वाचव. एक गाव इनाम देतो.”

वैद्य सकाळीच खेमाच्या अंगणात येऊन बसला. एका पिल्लाने मान वळवून शेपटीखालची मऊ लेंडी तोंडात घेतली. खेमा धावली आणि पदराने त्याचे तोंड पुसू लागली.

“आई, खाऊ द्या त्याला,” वैद्य म्हणाला. “सशाला गवत एका खेपेत पचत नाही. सत्त्व त्या मऊ लेंडीत राहतं, ते तो पुन्हा खातो. आणि लाडू बंद. सुकं गवत, पाणी, चिमूटभर ओवा.”

“सुकं गवत? माझ्या लेकरांना?” खेमाचा जीव तुटला. पण तिने ऐकले.

पंधरा दिवसांत पिल्ले अंगणभर उड्या मारू लागली. राजा अंगणात पाहायला आला आणि खूश झाला. “काय गुणाचा ओवा तुझा! गाव तुझे.”

गप्प राहिला असता तर वैद्याला गाव मिळाले असते. तो म्हणाला, “महाराज, ओवा नावाला होता. गुण गवताचा. ते कुरणात फुकट उगवते.”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “मग ती चार कोणाच्या हातून गेली?”

खेमाला केव्हाच कळले होते. तिने हात पदराखाली लपवले.

“ज्या हातांनी तुम्हाला घास भरवले, त्याच हातांनी,” वैद्य म्हणाला. “तुमचे पोट माणसाचे, म्हणून तुम्ही तगलात.”

राजाला हसू फुटले, मग डोळे भरून आले. त्याने दाईचे हात पदराखालून काढून आपल्या हातात घेतले. त्यानंतर खेमा रोज स्वतः कुरणात जाऊन गवत आणी.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे हा आजारी भिक्खू सोमिल. वैद्य मी होतो. आणि खेमा म्हणजे ही उपासिका सुजया, सोमिलच्या पेजेत तिसरी पळी तूप ओतायला निघालेली.”

सुजयाने पळी हळूच तुपाच्या भांड्यात परत ठेवली. शास्त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिले. “करुणा तुझ्याकडे तेव्हाही भरपूर होती, सुजये. तिच्या जोडीला प्रज्ञा हवी.”